गुन्ह्याचा अभ्यास आणि खाकी गणवेश

बारावीच्या परीक्षा आटोपल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ एकाएकी वाढतो. त्यांतील बहुतेक पत्रे ठराविक असतात. वैद्यकीय शाखा बरी की अभियांत्रिकी, वाणिज्य शाखेत पुढे काय आहे, अशा प्रश्नांची उत्तरे आम्ही पूर्वी अनेकदा दिली आहेत. या वेळी आलेले एक पत्र मात्र निराळे आहे. लिहिणारे गृहस्थ मूळचे सातारकडचे असून नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षे कोलकात्यास स्थायिक झाले आहेत आणि त्यांचे बिऱ्हाड सॉल्ट लेक भागात आहे. त्यांच्या मुलीने गुन्हेशास्त्र शिकण्याचा हट्ट धरला आहे. घरातील आजीबाईंचे म्हणणे असे, की चांगल्या घरातल्या मुलीने चोर-दरोडेखोरांचा अभ्यास कसला करायचा? वडिलांची हरकत नाही. परंतु एवढी पाच वर्षे शिकून ती पोलीस अधिकारी होणार असेल तरच. पत्राच्या अखेरीस मुलीने स्वतःच्या हस्ताक्षरात एक ओळ जोडली आहे: ‘माणसे गुन्हा का करतात, हे तिथे खरोखर शिकवतात का?’

एका घरातून तीन प्रश्न आले आहेत, आणि तिघांनाही निरनिराळे उत्तर द्यावयास हवे.

प्रथम जागेविषयी थोडे. सॉल्ट लेक हे नाव आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवर तेथील फुटबॉलच्या प्रचंड मैदानामुळे आले असेल. कोलकात्याच्या पूर्वेकडील अंगास पूर्वी खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण तळी आणि दलदल होती. हुगळी नदीतील गाळ नळांवाटे आणून ती भरून काढली गेली आणि त्या भरावावर नवे उपनगर उभे राहिले. डॉ. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना, १९६२ साली, या कामाने आकार घेतला. नगराची आखणी युगोस्लाव्हियाचे वास्तुविशारद दोब्रिवोये तोश्कोविच यांनी केली. सरकारी दप्तरात त्याचे नाव बिधाननगर आहे. याच नगराच्या तिसऱ्या सेक्टरमध्ये, एल. बी. ब्लॉकात, पश्चिम बंगालचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे आणि त्याच्या वास्तूस डॉ. आंबेडकरांचे नाव दिलेले आहे. १९९९ साली कायद्याने स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू प्रा. माधव मेनन. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आपल्या देशात रुजविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, तेच हे मेनन. या विद्यापीठाने अलीकडे विज्ञान आणि कायदा यांची सांगड घालणारा बी.एस्सी., एलएल.बी. हा अभ्यासक्रम सुरू केला असून त्यात गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञान हे मुख्य विषय आहेत. पत्रलेखकांच्या मुलीची नजर त्यावर असावी, असे दिसते.

वडिलांचे उत्तर सर्वांत सोपे, म्हणून ते आधी देतो. या पदवीमुळे कोणी पोलीस अधिकारी होत नाही. भारतीय पोलीस सेवेत जाण्यासाठी संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते आणि तिला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. इतिहासाची चालते, शेतकीची चालते. इतकेच नव्हे, तर त्या परीक्षेच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत कायदा आहे, मानवशास्त्र आहे. गुन्हेशास्त्र मात्र नाही. महाराष्ट्रात फौजदार, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक व्हावयाचे तर राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा आणि शारीरिक चाचणी यांतून जावे लागते. तेथेही पदवी कोणत्याही विषयाची पुरते. शिपायाच्या भरतीस बारावी पुरे आहे. पोलिसाचे खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते, ते हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल अकादमीत किंवा नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत. तेव्हा खाकी गणवेश हेच एकमेव ध्येय असेल, तर मुलीस ज्या विषयाची मनापासून आवड आहे त्यात पदवी घेऊ द्यावी आणि रोज सकाळी धावण्याचा सराव ठेवावा.

पोलिसांस महाविद्यालयात शिकवावे, हा विचार तसा जुना आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कली या गावचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९०८ मध्ये आपल्या शिपायांसाठी शाळा काढली आणि पुढे १९१६ पासून तेथील विद्यापीठात हे विषय शिकविले जाऊ लागले. स्वतः व्होल्मर यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते, हे विशेष. इंग्लंडात तर अगदी अलीकडे नव्या शिपायास पदवी हवीच किंवा नोकरीत राहून त्याने ती मिळवावी, असा दंडक घालण्यात आला होता. तो काही वर्षांतच सैल करावा लागला. पदवीने पोलीस शहाणा होतो की कसे, यावर तिकडेही एकमत नाही. आपल्याकडे शिक्षण एकीकडे आणि भरती दुसरीकडे अशी विभागणी आहे, आणि विद्यार्थ्याने ती आरंभीच ध्यानात घेतलेली बरी. जाहिराती वाचून भलत्या आशेने फी भरणाऱ्या पालकांची पत्रे आमच्याकडे अधूनमधून येत असतात आणि त्यांस काय लिहावे, हे आम्हांस सुचत नाही.

आता आजीबाई. त्यांना शंख आणि चक्र ठाऊक असतीलच. नातवंडाचा हात हाती घेऊन बोटांवर चक्रे किती, शंख किती, हे मोजण्याची हौस आपल्याकडे प्रत्येक आजीला असते. त्या चक्रांचे शास्त्र त्यांच्या नातीच्या घरापासून काही मैलांवर तयार झाले, हे त्यांस सांगावे.

हकीकत अशी आहे. १८५८ साली हुगळीकडील एक इंग्रज अंमलदार विल्यम हर्शेल यांनी रस्त्याच्या खडीचा मक्ता देताना राज्यधर कोनाई नावाच्या मक्तेदाराच्या पंजाचा ठसा कराराच्या कागदावर घेतला. पुढे मक्तेदाराने सही नाकारू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु दोन माणसांचे ठसे सारखे नसतात आणि एकाच माणसाचे ठसे जन्मभर बदलत नाहीत, हे हर्शेल यांच्या हळूहळू लक्षात आले. खरी अडचण पुढेच होती. समजा, दप्तरात हजारो कैद्यांच्या बोटांचे ठसे आहेत आणि आज एक अनोळखी इसम पकडून आणला. तो त्यांपैकीच एक आहे काय, हे सगळे कागद चाळल्याविना कसे कळावे? बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोघे उपनिरीक्षक या कोड्यावर काम करीत होते. हक हे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले.

त्यांनी काढलेला तोडगा इतका सुंदर आहे, की घरी बसून कोणालाही करून पाहता येईल. दहा बोटांच्या पाच जोड्या कराव्यात. पहिल्या जोडीतील बोटावर चक्र असेल तर त्याला १६ गुण, दुसऱ्या जोडीत ८, तिसरीत ४, चौथीत २ आणि पाचवीत १. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतील एका बोटाचे गुण एका बेरजेत घ्यावेत आणि दुसऱ्याचे दुसऱ्या बेरजेत; मग दोन्ही बेरजांत एकेक मिळवावा. प्रत्येक बेरीज १ ते ३२ यांपैकी काही तरी येणार. म्हणजे एकूण ३२ गुणिले ३२, अर्थात १०२४ खण झाले. कपाटाला तेवढे खण करावेत आणि प्रत्येक कैद्याचा कागद आपापल्या खणात टाकावा. नव्या इसमाची बोटे पाहिली, आकडा काढला, की शोध लाखभर कागदांतून न करता एकाच खणातून करता येतो. या पद्धतीस सरकारची मान्यता मिळून १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले. जगातील अशा प्रकारचे ते पहिले कार्यालय होय. लंडनच्या स्कॉटलंड यार्डाने त्यानंतर चार वर्षांनी, १९०१ साली, आपले कार्यालय काढले. पद्धतीस नाव मात्र हेन्री यांचे लागले. हक आणि बोस यांना पुढे खानबहादूर, रायबहादूर हे किताब आणि इनामाची रक्कम मिळाली. जगाच्या पुस्तकांत त्यांची नावे मागाहून शिरली. विलायतेतील ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने आता त्या दोघांच्या नावे पारितोषिक ठेवले आहे. चोरदरोडेखोरांच्या अभ्यासातून इतके चोख गणित निघाले, हे आजीबाईंस सांगून पाहावे.

परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटते ती याच काळातील एका खटल्याची गोष्ट. १८९७ साली उत्तर बंगालातील जलपाईगुडी जिल्ह्यात चहाच्या मळ्याच्या एका व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला. पेटी फोडलेली आणि पैसे नाहीसे झालेले होते. सामानात एक बंगाली पंचांग सापडले, त्यावर तांबूस डाग होते आणि त्या डागांत बोटाचा अस्पष्ट ठसा होता. तपासणीत तो डाग रक्ताचा ठरला. कलकत्त्याच्या कार्यालयातील कागदांशी ताडून पाहता तो ठसा कांगालीचरण नावाच्या इसमाच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. हा इसम पूर्वी त्याच साहेबाकडे नोकर होता आणि चोरीबद्दल शिक्षा भोगून आला होता. आजच्या कोणत्याही रहस्यकथेत येथे पडदा पडला असता आणि आरोपी फासावर गेला असता. न्यायालयाने मात्र १८९८ मध्ये त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली आणि खुनाच्या आरोपातून सोडले. कारण ठशाने एवढेच सिद्ध होत होते, की रक्ताने माखलेला त्याचा अंगठा त्या पंचांगास लागला. सुरी कोणाच्या हाती होती, हे ठसा सांगू शकत नव्हता.

गुन्हेशास्त्राच्या विद्यार्थ्यास पाच वर्षांत जे शिकावयाचे त्याचा गाभा या निकालात आहे. पुरावा काय सांगतो आणि कोणत्या जागी त्याची वाचा खुंटते, ही रेघ ओळखणे सोपे नाही. रसायनशास्त्र येणाऱ्यास डागातील रक्त ओळखता येते. कायदा जाणणारा साक्षीदाराची उलटतपासणी घेतो. पण प्रयोगशाळेचा अहवाल हाती घेऊन ‘यातून एवढेच निघते, याउप्पर नाही’ असे न्यायाधीशापुढे ठामपणे सांगण्यास दोन्ही विद्या लागतात. आपल्याकडील तपासात उणीव याच जागी आहे. पंचनामा घाईने होतो, मुद्देमालास नीट मोहर लागत नाही, नमुना प्रयोगशाळेत उशिरा पोचतो, आणि दोष मात्र कधी साक्षीदाराला, कधी वकिलाला दिला जातो.

१ जुलै २०२४ पासून देशात नवी भारतीय नागरी सुरक्षा संहिता लागू झाली आहे. ज्या गुन्ह्यास सात वर्षे किंवा अधिक शिक्षा आहे, त्या गुन्ह्याच्या जागी न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने जाऊन पुरावा गोळा केला पाहिजे आणि त्या कामाचे चित्रीकरण झाले पाहिजे, असे तिच्या १७६ व्या कलमात घातले आहे. ही व्यवस्था अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. एवढे तज्ज्ञ कोठून आणावयाचे, हा प्रश्न सर्वच राज्यांपुढे उभा आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था असून तेथेही बारावीनंतर हे शिक्षण मिळते. गुजरातेत गांधीनगर येथे या विषयाचे राष्ट्रीय विद्यापीठ २०२० साली स्थापन झाले. मध्य प्रदेशात सागर येथील विद्यापीठाने तर हा विभाग १९५९ सालीच सुरू केला होता. म्हणजे सॉल्ट लेकला प्रवेश न मिळाल्यास मुलीने हिरमुसून जाऊ नये.

आता तिच्या ओळीकडे वळू. माणसे गुन्हा का करतात, हे तेथे शिकवतात काय? शिकवतात, परंतु त्या प्रश्नाचे एक भयंकर उत्तर या शास्त्राने एकदा दिले होते, ते प्रथम शिकावे लागेल. इटलीतील वैद्य चेझारे लोम्ब्रोझो यांनी १८७६ साली ग्रंथ लिहून असे मांडले, की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात आणि कवटी, जबडा, कान पाहून ती ओळखता येतात. युरोपात त्यावर पुष्कळ वाद झाले आणि मत मागे पडले. आपल्या देशात मात्र तशाच विचाराचा कायदा त्यापूर्वीच, १८७१ साली, झाला होता. त्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरविण्यात आल्या. मुलाने काही करण्याआधीच त्याचे नाव पोलिसांच्या वहीत चढत असे आणि त्यास हजेरी द्यावी लागे. सोलापूरची तारेच्या कुंपणातील वसाहत आमच्या वडीलधाऱ्या वाचकांपैकी काहींनी पाहिलीही असेल. कायदा १९५२ साली रद्द झाला. पारधी वस्तीवर चोरीच्या संशयाने प्रथम धाड घालण्याची सवय रद्द झाली, असे म्हणवत नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे, त्यांस याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. आमच्या मते, गुन्हेशास्त्राच्या पहिल्या वर्षास ते पुस्तक लावावे.

या गोष्टीचा बंगालशीही संबंध आहे. १९९८ च्या फेब्रुवारीत पुरुलिया जिल्ह्यातील बुधन साबर या शबर जमातीच्या तरुणाचा पोलिसांनी पकडल्यानंतर कोठडीत मृत्यू झाला. त्याने आत्महत्या केली, असे सांगण्यात आले. त्याच्या माणसांनी प्रेत जाळले असे भासवून ते पुरून ठेवले, त्यामुळे पुन्हा शवविच्छेदन होऊ शकले. लेखिका महाश्वेतादेवी ज्या शबर कल्याण समितीच्या पाठीशी होत्या, तिने प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात नेले आणि त्याच वर्षी न्यायमूर्ती रूमा पाल यांनी त्याच्या विधवेस भरपाई व प्रकरणाची पुढील चौकशी यांचा आदेश दिला. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त जमातींच्या हक्कांसाठी संघटना उभी केली, तीही त्याच साली. प्रेताची तपासणी करणारे शास्त्र येथे पोलिसांच्या विरुद्ध बाजूस उभे राहिले, ही गोष्ट गणवेशाची ओढ असणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने मनाशी ठेवावी. हे शास्त्र पोलिसांचे नोकर नाही.

मग पाच वर्षांनंतर करावयाचे काय? कायद्याची पदवी हाती असल्यामुळे वकिली करता येते आणि अनुभव घेऊन सरकारी अभियोक्त्याच्या परीक्षेस बसता येते. प्रयोगशाळेत जावयाचे असेल तर बहुधा पुढे एम.एस्सी. करावी लागेल. बँका व विमा कंपन्या फसवणुकीच्या तपासासाठी अशी माणसे घेऊ लागल्या आहेत. सॉल्ट लेकच्याच पाचव्या सेक्टरमध्ये, संगणक कंपन्यांच्या गर्दीत, परदेशी वृद्धांना दूरध्वनीवरून लुबाडणारी बनावट केंद्रे बिधाननगर पोलिसांनी वेळोवेळी पकडली आहेत. तेथे पुरावा बोटांच्या ठशांत नसतो, संगणकाच्या नोंदींत असतो. आणखी एक वाट आहे, तिच्याकडे पालकांचे लक्ष क्वचितच जाते. १९५८ च्या कायद्याप्रमाणे प्रथम अपराध्यास तुरुंगाऐवजी परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडता येते. अल्पवयीनांच्या न्याय मंडळात न्यायाधीशाबरोबर दोन समाजसेवक बसतात, त्यांपैकी एक स्त्री असावीच लागते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांबरोबर काम करीत आहे. त्या कामात पगार थोडा आहे, हे लपविण्यात अर्थ नाही.

खर्चाचेही सांगितले पाहिजे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची वार्षिक फी लाखांच्या घरात जाते. घर सॉल्ट लेकमध्येच असल्याने वसतिगृहाचा भार कदाचित टळेल. तसे चालते काय, ते कार्यालयात विचारून घ्यावे. प्रवेश ‘क्लॅट’ या सामायिक परीक्षेतून होतो. तीत इंग्रजी, चालू घडामोडी, तर्क, कायद्याची समज आणि थोडे गणित असते. विज्ञानाचे पाठांतर तेथे उपयोगी पडत नाही. उतारा शांतपणे वाचून त्यातून काय निघते आणि काय निघत नाही, हे ओळखता यावे लागते. कांगालीचरणच्या खटल्यातील न्यायाधीशांना हेच करावे लागले होते.

गुन्हेशास्त्राच्या नावाने अनेक खासगी महाविद्यालयांनी पदव्या काढल्या आहेत, त्यांच्याविषयी सावध राहावे. फी भरण्यापूर्वी मुलीस घेऊन संस्थेत जावे आणि प्रयोगशाळा दाखविण्यास सांगावे. आठवड्यास प्रयोगाचे तास किती, ते कोण घेते, विद्यार्थ्यांस न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष बसावयास मिळते काय, कायद्याच्या पदवीस बार कौन्सिलची मान्यता आहे काय, हे लेखी मागावे. प्रयोगशाळेच्या दारास कुलूप असेल आणि किल्ली कोणाकडे आहे, हे कोणालाच सांगता येत नसेल, तर तेथून चहा न घेता परतावे.

आजीबाईंनाही बरोबर न्यावे. बोटांचे ठसे घेण्याची शाई तेथे असेलच; आपल्या दहा बोटांचा आकडा १०२४ पैकी कोणत्या खणात पडतो, हे त्यांना मोजून घेता येईल.